पडवीतली अवजारे

कोकणात पावसाळा जवळ आला की घराघरांतून अवजारे बाहेर निघतात. फावडे, कुदळ, टिकाव, पहार, दाताळे आणि आंबे उतरवायचा झेला. लांब दांड्याच्या या वस्तू कपाटात मावत नाहीत, फळीवर राहत नाहीत. मग कोपऱ्यात एकमेकींवर रेलून उभ्या असतात. एक ओढावी तर चार अंगावर येतात. दाताळ्याचे दात वर राहिले आणि त्यावर पाय पडला तर दांडा थेट तोंडावर बसतो. घरात लहान मुले आणि म्हातारी माणसे असली की हा नुसता टापटिपीचा प्रश्न राहत नाही.

अब्बांच्या इंतकालानंतर मागच्या पडवीचा कोपरा आवरायचे काम माझ्याकडे आले. भाऊ कुवेतला, अम्मीचे गुडघे दुखरे. भाऊ फोनवर म्हणाला, "आपा, भंगारवाल्याला देऊन टाक." अम्मी म्हणाली, "आधी बघ तरी, त्यात आपलं किती आणि लोकांचं किती."

तिचे म्हणणे खरे होते. वारसांच्या वाटणीआधी मय्यताचे देणे फेडायचे असते, हे आपण सगळे जाणतो. पण देणे म्हटले की पैसेच आठवतात. उसनी आणलेली पहारही अमानतच असते.

सगळे अंगणात मांडले तेव्हा सतरा नग निघाले. त्यातले तीन आमचे नव्हते. दोन शेजाऱ्यांनी लगेच ओळखले. तिसरी होती पहार. तिच्यावर ठोकलेली अक्षरे ज्या घराची होती, त्या घराशी बांधावरून नऊ वर्षे बोलणे बंद होते. मी आणि माझा मुलगा ती घेऊन गेलो. चाचांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मुलाला विचारले, "कितवीत आहेस, बाळ?" बांधाचा प्रश्न अजून तसाच आहे. सलामाला जवाब मात्र मिळतो.

उरलेल्या चौदा नगांसाठी सुताराकडून भिंतीवर एक जाड लाकडी पट्टी आडवी ठोकून घेतली. तिच्यावर जोडीजोडीने खुंट्या. दोन खुंट्यांमध्ये दांडा जातो, पाते वर अडकते. धार भिंतीकडे. दांड्याचे टोक जमिनीपासून वीतभर वर राहते, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दूर. आमची पहार सरळसोट, ती लटकत नाही. तिला कोपऱ्यात फळीच्या तुकड्यावर उभी करून दोरीच्या फासात अडकवली. झेल्याचा बांबू वाशांखाली दोन आधारांवर आडवा ठेवला.

टांगण्याआधी माती खरवडली, गंज पॉलिश पेपरने घासला आणि पात्यांना तेलाचा हात दिला. हलणाऱ्या दांड्यांना नवी पाचर मारली. अब्बांच्या कुदळीचा दांडा त्यांच्या हाताने एके ठिकाणी झिजून बारीक झाला आहे. सुतार बदलूया म्हणाला. तो अजून मजबूत आहे, मी राहू दिला.

प्रत्येक जागेवर रंगाने अवजाराचे नाव लिहिले आहे. कुणी काही मागून नेले की त्या खुंटीवर पाटी लटकते: कोणी नेले, कधी नेले. आम्ही कुणाचे आणले तर त्याचीही पाटी वेगळी. माझ्यानंतर जो हा कोपरा आवरेल, त्याला कुणाचे काय आहे हे दारोदार विचारत फिरावे लागू नये.