एका गुणाने हरलेला संघ

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला कबड्डी संघाने तैवानला २६-२५ असं हरवलं आणि त्या सुवर्णपदकासरशी भारताच्या पदकांची शंभरी भरली. त्या शंभराव्या पदकाचं कौतुक मुंबईतल्या आमच्या भोईवाड्यातही झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मैदानाच्या कडेला उभं राहून कबड्डी पाहण्यातच ज्याची वर्षं गेली, अशा परळ-नायगावच्या पट्ट्यातल्या माणसाला त्या निकालातला सव्वीसचा आकडा नव्हे, पंचवीसचा आकडा जास्त बोलका वाटतो. ज्या देशात गल्लोगल्ली कबड्डीची मंडळं नाहीत, त्या देशाच्या मुलींनी आपल्याला एका गुणापर्यंत आणून सोडलं. माझ्या मते आपल्या खेळाच्या दृष्टीने त्या दिवशीची खरी मोठी बातमी ही होती, आणि ती आनंदाची होती. असं म्हटलं की नाक्यावरचे जाणकार तोंड वाकडं करतात, म्हणून जरा तपशिलात शिरतो.

महिलांची कबड्डी आशियाई स्पर्धेत आली २०१० मध्ये, ग्वांगझोऊला. तेव्हाच्या अंतिम सामन्यात आपण थायलंडला २८-१४ असं लोळवलं. २०१४ ला इंचिऑनमध्ये इराणवर ३१-२१ असा विजय. २०१८ ला जकार्तात त्याच इराणकडून २४-२७ अशी हार; त्या संघात परळच्याच महर्षी दयानंद महाविद्यालयात शिकलेली सोनाली शिंगटे होती, त्यामुळे ती हार आमच्याकडे अंमळ जास्तच लागली. हांगझोऊत तर गटातल्या सामन्यातच तैवानने ३४-३४ अशी बरोबरी साधली होती. अंतिम सामन्यात काय वाढून ठेवलंय, ते तिथेच कळायला हवं होतं. पुरुषांची गोष्ट जुनी. १९९० च्या बीजिंगमध्ये भारताला मिळालेलं एकुलतं एक सुवर्ण कबड्डीचं होतं, आणि तिथपासून २०१४ पर्यंत ओळीने सात सुवर्णं आपली. सातव्या वेळी इराणविरुद्ध २७-२५ झाले, तरी आपण गाफीलच. मग जकार्तात दक्षिण कोरियाने गटात २४-२३ असं आणि इराणने उपांत्य सामन्यात २७-१८ असं हरवलं, तेव्हा डोळे उघडले. शंभरावं पदक मोलाचं ठरलं, कारण ते हातचं जाऊ शकत होतं. समोर कुणी नसताना घातलेल्या चढाईला आमच्या मैदानावरसुद्धा कुणी टाळी देत नाही.

आणि प्रश्न नुसत्या टाळीचा नाही. मोठ्या स्पर्धांत एखादा खेळ टिकतो तो तिथे अनेकांना जिंकता येतं म्हणून. ऑलिम्पिकमध्ये महिलांचं सॉफ्टबॉल १९९६ ला आलं. १९९६, २०००, २००४ अशी तिन्ही सुवर्णं अमेरिकेने नेली. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने मतदान घेऊन बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळ २०१२ पासून वगळले. कारणं अनेक होती, पण सॉफ्टबॉलच्या बाबतीत एकाच देशाच्या वर्चस्वाची चर्चा तेव्हा सगळीकडे झाली. पुढे २००८ मध्ये जपानने अमेरिकेला अंतिम सामन्यात ३-१ असं हरवलं, पण तोवर वेळ निघून गेली होती. कबड्डीला ऑलिम्पिकमध्ये न्यायची भाषा करणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावं. उद्या तिथे आपण एकटेच बलाढ्य असू, तर आपल्याला दार उघडणार कोण?

आता प्रतिस्पर्धी कोण ते पाहा. तैवानची लोकसंख्या सुमारे २.३ कोटी, २०११ च्या जनगणनेत नुसत्या महाराष्ट्राची ११ कोटींवर होती. या संघाला स्वतःच्या नावानेही उतरता येत नाही. 'चायनीज तैपेई' हे नाव, ऑलिम्पिकसाठी मुद्दाम केलेला वेगळा झेंडा, आणि हांगझोऊत यजमान खुद्द चीन. तरी २०१८ च्या कांस्यावरून या मुली रौप्यावर चढल्या आणि त्यांच्या पुरुष संघाने कांस्य मिळवलं. कुणी म्हणेल, छोटा देश म्हणून कळवळा कशाला, हांगझोऊत तैवानने एकूण ६७ पदकं नेली आहेत. मान्य. तो दुबळा देश नाही, आणि मी कळवळा मागतही नाही. पण कबड्डीत तो परवापर्यंत नवखा होता, आणि नवख्याला आपण काय भावाने मोजतो याचा विचार आपण करायलाच हवा. आपणही कधीकाळी नवखे होतो. १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताकडून गेलेले खेळाडू होते सहा. देश पारतंत्र्यात, खर्चाची जमवाजमव दोराबजी टाटांच्या पुढाकाराने, बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे. पदक एकही नाही. ज्यांच्या नावाच्या ट्रस्टने १९४१ मध्ये भोईवाड्याच्या शेजारी टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं, त्याच दोराबजींना ते सहा जण पाठवणं फुकट वाटलं नाही. १९२४ ला त्यांनी पुन्हा संघ पाठवायला हातभार लावला.

खरा कडवा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला गंभीर वाटतो. जकार्तात आपल्याला हरवणाऱ्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. आपलं ज्ञान परक्यांना द्यायचं आणि त्यांच्याकडून मार खायचा, हे कसलं शहाणपण? हॉकीत हेच झालं ना? तर हॉकीत हे झालं नाही. ऑलिम्पिकमध्ये १९२८ ते १९५६ सलग सहा सुवर्णं जिंकणारा संघ १९७६ च्या माँट्रियलमध्ये सातवा आला, त्यात कृत्रिम मैदानाचा वाटा मोठा होता. जग ज्या मैदानावर गेलं, त्या मैदानावर सराव करायची सोय आपल्या पोरांकडे नव्हती. आपण शिकवलं म्हणून हरलो नाही, आपण शिकायचं थांबलो. शैलजाताईंबद्दल मला तर अभिमानच वाटतो. गवई परगावी शिष्य तयार करतो तेव्हा घराणं वाढतं, असंच आपण मानत आलो आहोत. शिवाय हा दुटप्पीपणा बघा: जकार्तात आपल्याला हरवणाऱ्या इराणच्या संघातला फझल अत्राचली त्याच वर्षी प्रो कबड्डीत यू मुंबाचा कर्णधार झाला आणि मुंबईने त्याच्या पकडींवर जीव ओवाळला. फझल चालतो, मग तैवानची पोरगी का खुपावी?

मला खुपतं ते निराळं. परळमध्ये कापडगिरण्या होत्या तेव्हा चांगल्या खेळाडूला तिथे नोकरी मिळायची. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो आधार गेला. मंडळं राहिली, माती राहिली, पण आंतरराष्ट्रीय कबड्डी मॅटवर गेली. मॅटसाठी छप्पर लागतं, जागा लागते, आणि जागेचे भाव परळमध्ये काय आहेत ते सांगायला नको. तैवानच्या मुली मॅटवरच शिकल्या असतील, आपल्यातल्या बऱ्याच जणी अजून मातीवरून मॅटवर येतात आणि पायाची पकड नव्याने शिकतात. म्हणून विनंती परळ-लालबाग-भोईवाड्याच्या मंडळांना आहे. मोसमात चषकांमागून चषक भरवता, त्यातला एक मॅटवर भरवा. आणि त्यात मुंबईबाहेरचा, जमलं तर नेपाळचा किंवा तैवानचा संघ बोलवा. हांगझोऊत नेपाळच्या मुलींनीही कांस्य घेतलं आहे; त्यांना इथवर आणणं अवघड नाही.