मोगऱ्याचं पाणी

मोगरा फुलवायचा तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. डिसेंबरपासून पाणी कमी करत न्यायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली तरी हात आवरायचा, जानेवारी सरताना छाटणी करायची, बुंध्याजवळची माती हलवून शेणखत घालायचं आणि मगच सढळपणे पाणी सोडायचं. महिना-दीड महिन्यात नव्या फुटव्यांच्या टोकांना कळ्या दिसू लागतात आणि मार्चपासून जूनपर्यंत झाड थांबत नाही. डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बहार धरणारे शेतकरी हेच करतात. त्याला ते ताण देणं म्हणतात. जिची ही गोष्ट, तिच्या सांगोल्याकडच्या माहेरी मोगऱ्याला ताण द्यायचं खातं आजीकडे होतं. रथसप्तमी झाली की आजी विळा घेऊन झाडापाशी बसे आणि घरादाराच्या देखत त्याचा पार खराटा करून टाकी. सुना हळहळत. आजी म्हणे, "चैत्रात बोला माझ्याशी."

ती नात आता साठी ओलांडून गेली आहे. पुण्यात कोथरूडला वरच्या मजल्यावर राहते, गच्चीभर कुंड्या सांभाळते, आणि त्यातला थोरला मोगरा माहेरच्या परसातल्या त्याच झाडाचा आहे. हे नुसतं हौसेने म्हटलेलं नाही. बटमोगऱ्याला बी सहसा धरतच नाही. तो वाढवायचा तर छाटकलम करायचं, नाहीतर खालची एखादी फांदी वाकवून, तिची साल थोडी खरवडून, तेवढा भाग मातीत दाबायचा आणि वर वीट ठेवायची. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत मुळ्या सुटतात. त्यामुळे ज्या कुणाकडे मोगरा आहे, त्याच्याकडे बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी झाडाची फांदीच वाढते आहे. वसईच्या वाड्यांमधून दादरच्या फुलबाजारात टोपल्या पाठवणाऱ्यांचीही झाडं अशीच वाढवलेली.

माहेरच्या त्या परसाला स्वतःचं असं पाणी नव्हतंच. आडाचं पाणी माणसांना आणि गुरांना. झाडांना मिळे ते आधी कुठेतरी वापरून झालेलं. न्हाणीच्या पाटावर केळ आणि कर्दळ, भांडी घासायच्या जागेला लागून अळू, आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका मोग्यात साठवून मोगऱ्याला. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली जात, त्यामुळे ते पाणी अळूला बाधत नसे. उलट राखेतलं पालाश आयतंच मिळे. अळूची पानं ताटाएवढी होत. आजीची अळूवडी गावात नावाजलेली होती, तिचं अर्धं श्रेय या खरकट्या पाण्याला द्यायला हवं.

१९७२ साली पाऊस गेला तेव्हा ती दहा वर्षांची असेल. त्याआधीची वर्षंही कोरडीच गेली होती, पण त्यानंतरचा उन्हाळा वेगळाच होता. गावातली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात, शाळेत सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. आडात घागर टाकली की ती बुडायच्या आधी तळाला आपटे. आंघोळीचं पाणी तांब्यावर आलं आणि परसातली झाडं एकेक करून गेली. आधी केळ, मग अळू. कर्दळीने बरेच दिवस तग धरला. मोगऱ्यासाठी आजीने एकच केलं. त्याला जमिनीपासून जेमतेम वीतभर ठेवून छाटलं आणि बुंध्याभोवती ओढ्यातले चपटे दगड एकाला एक लावून रचले. कडब्याचं आच्छादन घालायची सोय नव्हती, कडब्याचं एकेक धाट जनावरांना हवं होतं. दगडांनी तेच काम केलं. खालची माती थेट उन्हात आली नाही, आणि तिच्यात जो काय ओलावा होता तो टिकला. त्या वर्षी एक कळी आली नाही. १९७३ चा पावसाळा लागला आणि दगडांच्या फटींतून फूट वर आली.

लग्नानंतर ती मुंबईला गिरगावात आली. चाळीतली दीड खोली, पुढे सामायिक गॅलरी, आणि कठड्यावर डालड्याचे पिवळे डबे. खिळ्याने बुडाला भोकं पाडलेल्या त्या डब्यांमध्ये त्या काळची निम्मी मुंबई तुळस लावत होती. माहेरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली फांदी तिने अशाच डब्यात लावली. पत्र्याचा डबा मे महिन्यात इतका तापे की मुळं शिजतील, म्हणून त्याला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. गॅलरी उत्तरेला तोंड करून होती. हिवाळाभर उन्हाचा थेंब नाही. मोगऱ्याला रोजचं पाच-सहा तास ऊन लागतं, त्यामुळे शेजारणींनी हे झाड कधी फुलायचं नाही असं भाकीत करून ठेवलं होतं.

पण सूर्य काही वर्षभर दक्षिणेकडूनच जात नाही. मार्च उलटला की तो रोज थोडा उत्तरेला सरकून उगवतो आणि मावळतो. मेच्या मध्यावर मुंबईत भरदुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलै संपत येईपर्यंत उत्तरेच्याच अंगाला असतो. त्या गॅलरीत एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळ उन्हाचा तिरका पट्टा येऊ लागे आणि मेमध्ये तो चांगला रुंद होई. चाळीतला मोगरा गावाकडच्यापेक्षा उशिरा फुले आणि मोजका फुले, पण फुले. पहाटे नळ येई, त्या गडबडीत कळ्या बघायला कुणाला सवड नसे. संध्याकाळी दिवेलागणीला उमलू लागल्या की वास जिन्यापर्यंत जाई आणि तळमजल्यावरच्या आजीबाई विचारत, "कुणाकडे गजरा आणला गं?"

पुण्यात आल्यावर उन्हाचा प्रश्न सुटला आणि उन्हाचाच प्रश्न सुरू झाला. गच्ची म्हणजे दिवसभर तापणारी आणि अर्धी रात्र ती ऊब परत देणारी फरशी. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. शाळेतली मुलं काठ्या रोवून तो बघतात, गच्चीवर बाग करणाऱ्याला तो न बघताच कळतो, कारण दक्षिणेच्या कठड्याची सावली एरवी ज्या नाजूक कुंड्यांना वाचवते ती दुपारी पार नाहीशी झालेली असते. तिने त्यावर हिरवी जाळी बांधली, निम्मं ऊन अडवणारी. जाळीखाली पुदिना, ब्राह्मी आणि रोपं. जाळीबाहेर मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि भेंडी. भेंडी-गवारीला ऊन मानवतं. टोमॅटोचं तसं नाही. पारा पस्तिशीच्या वर राहू लागला आणि रात्रीही गार होईनात की त्याचे परागकण निकामी होतात आणि फुलं फळ न धरताच गळतात. एप्रिलात टोमॅटोच्या रोपाला खतपाणी करत बसणं म्हणजे परीक्षा संपल्यावर अभ्यास करणं. लोक तरीही करतात.

खरं तर शहरातल्या बागकामाची सगळी हौस थंडीतली असते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, गर्दी लोटते, आणि परतताना निम्मे लोक पिटुनिया आणि पॅन्झीची फुललेली रोपं घेऊन येतात. ही मुळात थंड हवेची हंगामी फुलं. मार्चअखेरीस ती वाळतात आणि माणसं समजतात की आपला हात झाडाला लागत नाही. त्याच महिन्यात रिकाम्या कुंडीत घोळ आपसूक उगवलेली असते. तिची पाण्याची काटकसर वनस्पतिशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. पाणी तुटलं की ती हवा आत घेण्याचं काम बरंचसं रात्रीवर ढकलते, म्हणजे दिवसा पानांतून वाफ कमी जाते. पुण्यातल्या नर्सरीत घोळ कुणी विकत घेणार नाही. कोथरूडच्या या घरात मात्र तिची मुगाची डाळ घालून भाजी होते.

कुंड्यांत माती कमी आणि पालापाचोळा जास्त, ही युक्ती तिने कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांकडून उचलली. गणिताचे हे प्राध्यापक 'प्रयोग परिवार' उभारून शेतकऱ्यांना आपल्या शेताचे प्रयोग आपणच करायला शिकवत. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' तिच्या कपाटात आहे, पानोपानी मातीचे डाग पडलेलं. ओली माती गच्चीला जड होते, तिच्या घनमीटरचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. वाळका पाला, उसाचं चिपाड आणि नारळाचा काथ्या हलका राहतो आणि पाणीही धरून ठेवतो. सोसायटीच्या बैठकीत स्लॅबच्या ओलीचा विषय निघाला की ती हे आकडे ऐकवते. कमिटीला ते पटतातच असं नाही.

आणि पाणी? एप्रिलपासून टँकर सुरू होतात आणि गच्चीवरच्या झारीकडे शेजाऱ्यांच्या नजरा लागतात. तेव्हा आजीचा जुना हिशेब नव्याने मांडावा लागला. भांड्यांचं पाणी बाद, कारण राखेची जागा डिटर्जंटने घेतली. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी बरेच जण झाडांना घालतात, पण बोअरच्या पाण्यावर यंत्र चालत असेल तर त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात. महिनाभरात मातीवर पांढरी खपली धरते आणि पानांच्या कडा करपतात. ते फरशी पुसायला बरं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, आणि उन्हाळ्यात त्याला तोटा नाही. खालच्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याच्या एसीची नळी तिने त्यांच्याच परवानगीने एका बादलीत सोडली आहे. तांदूळ-डाळीचं पाणी अर्थात मोगऱ्याचं. मोठ्या कुंड्यांत तिने पक्क्या भाजलेल्या, पण झिलई नसलेल्या मातीच्या सुगड्या गळ्यापर्यंत पुरल्या आहेत. त्या भरून ठेवल्या की माती लागेल तसं पाणी ओढून घेते. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही पद्धत सापडते. कुंभाराकडे संक्रांत झाल्यावर उरलेल्या सुगड्या पडून असतात, त्याही स्वस्तात.

उन्हाळ्यातली खरी डोकेदुखी किडींची. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी जाळं धरतो, मिरचीवर फुलकिडे येऊन बोकड्या होतो, जास्वंदीच्या पेरांत पिठ्या ढेकूण कापूस चिकटवल्यासारखा बसतो. तिच्याकडे एक उलट्या तोंडाची पिचकारी आहे. सकाळी तिने पानांच्या मागच्या बाजू धुवायच्या, आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब. मोगऱ्याची कळी जांभळट दिसली तर मात्र फवाऱ्याची वाट बघायची नाही. आत अळी आहे. चिमटीत धरून कळी हलकेच उकलावी, पाकळ्यांना बारीक भोक असतं, शेजारच्या दोन कळ्या रेशमासारख्या धाग्याने एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्यांच्या मध्ये हिरवट अळी निवांत जेवत बसलेली. सगळा झुबका तोडून टाकायचा.

एका मेमध्ये कढीपत्त्याच्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी तितकेच. तोवर कढीपत्ता तोडणं बंद, वरून पाणी घालणं बंद. महिनाभर आमटीला फोडणी बाजारच्या कढीपत्त्याची बसली आणि घरातल्यांनी त्याबद्दल कुरकुर केली, पण पंख फडफडवत अंगावर येणाऱ्या बुलबुलापुढे कुणाचं चाललं नाही.

मुलगी न्यू जर्सीत राहते. तिथला मोगरा नर्सरीतून विकत घेतलेला, पुण्याचा नव्हे. मातीसकट रोप विमानातून न्यायला परवानगी नाही. त्याचा उन्हाळा म्हणजे मेअखेर ते सप्टेंबर, बाकी वर्ष तो खिडकीपाशी घरात. जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो, त्यामुळे कळ्या उमलेपर्यंत मुलांची निजायची वेळ होते. थंडीत मुलगी फोन करते, पानं गळताहेत, पाणी वाढवू का? पलीकडून उत्तर ठरलेलं: अजिबात नको.

मेमध्ये वळवाचे दोन तडाखे बसले की गच्ची जरा निवते. जूनमध्ये मृगाच्या सरी आल्या की जाळी सोडवायची, सुगड्या उपसून वाळवायच्या, बहर ओसरलेल्या फांद्यांचे शेंडे खुडायचे आणि दाबकलमांवर विटा ठेवायच्या. आधीच्या वर्षीची कलमं न्यायला माणसं येतात, टँकरच्या दिवसांत नाक मुरडणारेही येतात. आणि त्याच आठवड्यात नर्सरीच्या मातीतून वर आलेल्या गोगलगायी बाहेर पडतात. एका रात्रीत त्या भोपळ्याचे सगळे कोंब फस्त करतात. मग रात्री जेवणं झाल्यावर बिल्डिंगमधली पोरं बॅटऱ्या घेऊन वर येतात. पाच गोगलगायींना एक लिमलेटची गोळी, असा दर आहे. यंदा पोरांनी तो वाढवून मागितला आहे.