नूडल्स कुणाच्या शेगडीवर?

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहा, अशी सूचना वर्गात आली तेव्हा बहुतेकांनी पाऊस, आई आणि प्रेम हे विषय आपापसांत वाटून घेतले. माझ्या वाट्याला कोबी उरला. तसा कोबी हा कुणाच्या कौतुकाचा विषय नाही. तो डब्यात निघाला की शेजारचा मित्र आपला डबा आपल्याकडे ओढून घेतो. पण गेल्या उन्हाळ्यात ह्याच कोबीने, आणि त्याच्या जोडीला आलेल्या थंड नूडल्सनी, आमच्या गल्लीत जो प्रश्न उभा केला तो मला इतिहासाच्या तासालाही इतका स्वच्छ दिसला नव्हता. म्हणून हा प्रपंच.

आम्ही साकीनाक्याला राहतो. बाहेरच्यांना साकीनाका ठाऊक असतो तो वाहनांच्या कोंडीमुळे. 8 जून 2014 पासून डोक्यावरून मेट्रो धावते, मेट्रोच्याही वरून विमाने उतरतात, आणि खाली माणूस आपला उभा तो उभाच. खैरानी रोडवरून आत वळले की लेथ, पॉलिश, प्लॅस्टिक आणि शिलाईचे लहान लहान कारखाने लागतात. त्यांच्या पाठीमागे आमची गल्ली. समोरासमोर तेवीस खोल्या. कोकणातले, साताऱ्या-सांगलीकडचे, जौनपूर-आझमगडचे, आणि दोन घरे आंध्रातली. माझे वडील लेथवर आहेत, आई पॅकिंगच्या कामाला जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

दर वर्षी 1 मे रोजी गल्लीचा कार्यक्रम असतो. 1960 साली ह्या दिवशी महाराष्ट्र राज्य झाले आणि जगभर हा कामगारांचा दिवस. तेव्हा ज्याला जे कारण हवे ते त्याने घ्यावे. कारखाने बंद असतात, मुलांना सुट्टी असते. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, पास झालेल्यांना वह्या, आणि शेवटी खाणे. खाणे म्हणजे बाहेरून आणलेली पुरीभाजी. मागच्या वर्षी त्या पुरीभाजीचा भाव ऐकून सगळेच गप्प झाले. वर्गणी वाढवा म्हणायची कुणाची छाती होईना. तेव्हा मी म्हणालो, "आपणच काहीतरी करू. थंड नूडल्स आणि कोबी. चायनीज भेळेसारखं."

हे मी हवेत बोललो नव्हतो. दहावीनंतर आणि बारावीनंतर असे दोन उन्हाळे मी संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर काम केले आहे. कढईला हात लावायला उस्ताद देत नसे. माझे काम कोबी चिरण्याचे आणि नूडल्स उकडण्याचे. त्यामुळे ह्या दोन गोष्टींत मी स्वतःला पदवीधर समजतो. गाडीवरच्या भेळेत तळलेल्या, कुरकुरीत नूडल्स असतात. पण त्या सॉस लागला की थोड्याच वेळात नरम पडतात. साठ माणसे एकामागून एक येणार असतील तर उकडून गार केलेल्या नूडल्सच बऱ्या, आणि वरून कुरकुरीतपणासाठी मूठभर तळलेल्या.

ह्या पदार्थाला घराणे विचाराल तर ते मोठे गमतीचे आहे. 'कोबी' हा शब्दच पोर्तुगिजांच्या 'कोव्ह' वरून आपल्याकडे आला. बटाट्याचेही तेच. आज ज्याला आपण मुंबईचे चायनीज म्हणतो ते कलकत्त्याच्या चिनी वस्तीतून वाढत आले. मंचुरियन हा पदार्थ तर कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी 1975 साली मुंबईतच पहिल्यांदा केला, असे सांगतात. बाटलीवर लिहिलेले 'शेजवान' म्हणजे चीनमधला सिच्वान प्रांत. आपली लसणाची लाल चटणी त्यांना ओळखू येणार नाही. पण त्या प्रांतात उन्हाळ्यात थंड नूडल्स तिखट मसाल्यात कालवून खातात हे मात्र खरे. जपानात उन्हाळा आला की थंड नूडल्सवर काकडीच्या सळ्या रचून देतात. मोमोफुकु अँडो यांनी 1958 साली जपानात पाकिटातल्या झटपट नूडल्स काढल्या, आणि पुढे अमेरिकेतल्या बायांनी त्याच नूडल्स कच्च्याच चुरून कोबीच्या कोशिंबिरीत घालायला सुरुवात केली. तिकडे उन्हाळ्यात चार घरे जमली की एक जण हे भांडे घेऊन येतो. म्हणजे उन्हाळा, गर्दी आणि कमी पैसे ह्या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे माणसाला कोबी आठवतो. आपल्या आजीलाही तो आठवलाच होता. बारीक चिरलेला कोबी, हिरवी मिरची, लिंबू, ओले खोबरे आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी, ही कोबीची पचडी आणि ही भेळ फार दूरच्या नाहीत.

माझी कल्पना सर्वांना पसंत पडली. ओट्यावर बसून यादी झाली. साठ माणसांना 3 किलो सुक्या नूडल्स, 5 किलो कोबी, 2 किलो गाजर, 1 किलो सिमला मिरची, पातीच्या कांद्याच्या आठ जुड्या. प्रत्येक घराला काम वाटले गेले. चिरणे, किसणे, दाणे भाजणे. आणि मग प्रश्न निघाला, नूडल्स कुठे उकडायच्या?

आई म्हणाली, "आमच्याकडं उकडू. टोप माझ्याकडं मोठाय."

क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग समोरच्या काकू म्हणाल्या, "एवढा कशाला खटाटोप, वहिनी? पाकिटातल्या तयार तळलेल्याच आणू ना. उकडायलाच नको."

ह्या काकूंविषयी सांगायला हवे. बारावीच्या परीक्षेच्या वेळी पहाटे चार वाजता आमचे दार वाजवून मला उठवणाऱ्या त्याच. आई कामावरून उशिरा आली की माझ्या धाकट्या बहिणीला आपल्याकडे बसवून घेणाऱ्याही त्याच. पण 14 एप्रिलला आमच्याकडून खिरीची वाटी गेली की काकूंचा उपास असतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि 14 एप्रिल. लहानपणी मला वाटे, ह्या बाई फार धार्मिक आहेत. मोठा झाल्यावर कळले की उपास कॅलेंडरात नसून आमच्या वाटीत आहे. आईने हे कधी बोलून दाखवले नाही. वाटी मात्र दर वर्षी पाठवली.

त्या रात्री मी पाकिटावर विचार करत बसलो. तळलेल्या नूडल्सची ती पिशवी कुठून येते हे मी गाडीवर असताना पाहिले होते. आमच्यापासून दहा मिनिटांवरच्या एका गाळ्यात पाच-सहा पोरे उघड्या अंगाने त्या तळतात आणि पिशव्या बांधतात. ती पोरे कुठली, कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, कुणी विचारीत नाही. पिशवीला गाठ बसली की ते सगळे पुसले जाते. वडापावाचेही तसेच, गाडीवरच्या भेळेचेही तसेच. मुंबईत सगळे एकत्र खातात, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण एकत्र खातात म्हणजे काय? बनवणारा कोण हे ठाऊक नसते, म्हणून खातात. ज्याचे नाव, गाव आणि देव्हारा ठाऊक आहे, त्याच्या टोपातले खाणे ही गोष्ट निराळी. ती परीक्षा रस्त्यावर होत नाही, शेजारात होते.

शाहू महाराजांना हे बरोबर कळले होते, असे मला वाटते. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली, आणि तेवढ्यावर न थांबता स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, सोबतच्यांनाही घ्यायला लावला. अस्पृश्यता वाईट असे त्यांना नुसते जाहीर करता आले असते. पण कप कुणी भरला हे ठाऊक असताना तो ओठाला लावणे, ह्यातच सगळे होते. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हाही प्रश्न तहानेचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हणालो, "पाकिटंच आणूया. वाद कशाला?" खरे तर मला ती काय म्हणते ते पाहायचे होते. आई भांडी लावत होती. म्हणाली, "पाकिटाच्या पैशात तीन किलो नूडल्स येत्यात वर चटणी बी येती. आन् टोप माझा मोठाच हाय." विषय संपला.

1 मेला पहाटे नळाला पाणी आले तेव्हा आम्ही दोन पिंपे जास्तीची भरून घेतली. नूडल्सना पाणी लागते ते उकडायला नव्हे, धुवायला. टोपात खळखळ उकळी आली की मीठ आणि थोडे तेल घालावे, नूडल्स सोडाव्यात आणि दाताखाली किंचित कडक लागतात तोवर उतरवून चाळणीत ओताव्यात. मग लगेच गार पाण्याचा मारा. त्याने शिजणे थांबते आणि अंगावरचा चिकट पिठूळपणा निघून जातो. हे केले नाही तर दुपारपर्यंत त्यांचा गोळा होतो. नंतर तेलाचा हात लावून परातीत मोकळ्या पसरायच्या. आमच्या दारात आईने शेगडी मांडली होती. दार उघडे होते. येणारा-जाणारा पाहत होता. जौनपूरच्या भाभी चाळणी धरायला आल्या. त्यांच्या पाठोपाठ कोकणातल्या आजी आल्या आणि "मीठ कमी आहे गो" म्हणाल्या. मीठ कमी आहे हे चाखल्याशिवाय कळत नाही, हे माझ्या ध्यानात थोड्या वेळाने आले.

कोबी काकूंच्या ओट्यावर चिरला गेला. केसासारखा बारीक. त्यांचा हात माझ्या उस्तादापेक्षाही चांगला आहे. मी फक्त एवढेच सांगितले की मीठ अगदी शेवटी. आधी घातले की कोबीला पाणी सुटते आणि सगळे लिबलिबित होते. चार वाजता मोठ्या घमेल्यात कोबी, गाजर, मिरची, नूडल्स पडल्या. शेजवान चटणी, व्हिनेगर, सोया सॉस, किंचित साखर, मीठ, लिंबू. आईने आयत्या वेळी भाजलेल्या दाण्याचे भरड कूट टाकले. चिनी माणसाने पाहिले असते तर त्याने काय म्हटले असते कोण जाणे, पण त्या कुटानेच भेळ आपली झाली.

पोरांनी फडशा पाडला. तिसऱ्यांदा मागायला आलेल्यांना हाकलावे लागले. काकूंनी प्लेट घेतली, पण तिथे खाल्ली नाही. "उन्हाचं नको वाटतं, रात्री खाईन," म्हणत ती स्टीलच्या डब्यात भरून घेतली. डबा आमचाच होता. आईने तो भरून दिला आणि वर मूठभर तळलेल्या नूडल्स घातल्या.

रात्री त्यांनी ती खाल्ली का, हे मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. भांडे रिकामे पाठवू नये ह्या रीतीप्रमाणे त्यात चार कैऱ्या होत्या. मी म्हणालो, "आई, कैऱ्या कच्च्या असतात." मला काय म्हणायचे होते ते तिला कळले. ती म्हणाली, "मग शिजवू की." तिने गूळ घालून मेथांबा केला आणि त्यातला अर्धा त्याच डब्यात भरून समोर पाठवला. तो डबा मात्र आठ दिवस आला नाही. आला तेव्हा घासलेला होता, आत साखर होती, आणि काकूंची मुलगी दारातूनच म्हणाली, "मावशी, आई विचारतीये मेथ्या किती घातल्या होत्या."

ह्यावरून जात गेली असे मी म्हणणार नाही. येत्या 14 एप्रिलला खिरीची वाटी जाईल, तेव्हा पाहू. पण मेथ्या किती हे न खाता कुणी विचारीत नाही, एवढे मी म्हणेन.

तुमच्यापैकी कुणाला चाळीत, वाडीत, किंवा आपल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ही भेळ करायची असेल तर प्रमाण वर दिलेच आहे. पाणी भरपूर ठेवा, मीठ शेवटी घाला. तळलेल्या नूडल्सचे पाकीट वरून पेरण्यापुरतेच आणा; बाकीच्या घरी उकडा. आणि कुणाच्या घरी उकडायच्या हे ठरवताना, ज्या घरची वाटी आजवर परत आली आहे त्या घरचा टोप आधी मागा.