अम्मीची गोधडी आणि जपानी रजई

जपानी बायकांनी हाताने शिवलेल्या रजयांचे प्रदर्शन पुण्यात भरले आहे, असे शाळेतल्या एका बाईंनी सांगितले तेव्हा मला आधी अम्मीच आठवली. अम्मीने पंचाहत्तरी ओलांडली आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिने आयुष्यात किती गोधड्या शिवल्या, त्याची मोजदाद नाही. गुडघ्यांमुळे हल्ली ती फारशी बाहेर पडत नाही. पण रविवारी जुहरची नमाज झाल्यावर स्वतःच म्हणाली, "चल, तिकडच्या बाया काय शिवतात बघू तरी." कोंढव्याहून रिक्षा केली आणि डेक्कनला उतरलो.

पुण्याला जपान तसा परका नाही. सिंहगड रोडवरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. जपानी भाषा शिकणारी मुले-मुली तर इथे कितीतरी. प्रदर्शनातही अशीच एक विद्यार्थिनी आम्हाला माहिती द्यायला पुढे आली. अम्मीला बघून तिने आधी खुर्ची आणली.

दालन छोटेसे होते. भिंतींवर रजया टांगलेल्या. रंग भडक नाहीत. माती, राख, कोऱ्या चहाचे रंग. तुकडे जोडून रजई करण्याची अमेरिकेतली पद्धत जपानी बायकांनी १९७० नंतरच्या काळात मोठ्या हौसेने उचलली, असे त्या मुलीने सांगितले. काही तुकडे जुन्या किमोनोचे होते. किमोनोचे कापड अरुंद पट्टीतच विणतात आणि सरळ कापतात. त्यामुळे तो उसवला की पुन्हा सरळ पट्ट्या हाती येतात. अम्मी म्हणाली, "म्हणजे शिवतानाच उसवायचा विचार केलाय."

एका कोपऱ्यात गडद निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके होते. याला साशिको म्हणतात. आपला धावदोराच तो! उत्तर जपानातल्या आओमोरी भागात थंडी इतकी की कापूस पिकत नसे. सुती कापड बाहेरून येई आणि महाग पडे. म्हणून गरीब शेतकरी चिंध्यांवर चिंध्या ठेवून टाके घालत, त्याच अंगात घालत, त्याच पांघरत. त्या चिंध्यांच्या कपड्यांना 'बोरो' म्हणतात. पुढे लोकांना त्यांची लाज वाटू लागली. तानाका चुझाबुरो नावाच्या एका संशोधकाने मात्र गावोगाव फिरून असे कपडे जमवले. त्यांच्या संग्रहातल्या ७८६ साशिको कपड्यांना जपान सरकारने राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. आकडा ऐकून अम्मी माझ्याकडे बघून हसली.

मग तिने विचारले, "बेटा, उलटी बाजू बघू का?" मुलीने हलकेच एका रजईची कड उचलून दाखवली. अम्मीने चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "मागचा टाकाही पुढच्यासारखाच. हिच्या हाताला घाई नाही."

मला मात्र पुढे बघवेना. चार वर्षांपूर्वी नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा अम्मीची एक जुनी गोधडी मी बोहारणीला दिली होती. अब्बांचे सदरे, माझी शाळेतली ओढणी, भावाचा पायजमा, सगळे होते त्यात. पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही म्हणून दिली आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. अम्मी तेव्हा काहीच बोलली नव्हती. आज बोलायची पाळी माझी होती.

"अम्मी, ती गोधडी..."

"गेली ना? कुणाच्या तरी अंगावर असेल. ऊब द्यायलाच शिवली होती." मग थांबून म्हणाली, "पण एवढ्या गोधडीला एकच डबा? दोन तरी मागायचे होतेस."

मी हसले, पण डोळे भरून आले.

परतताना विचार करत होते. नबी (स.) घरात काय करत, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते आपले कपडे स्वतः शिवत, आपल्या चपला स्वतः सांधत. हजरत उमर (रजि.) खलिफा असताना त्यांच्या खांद्यांच्या मध्ये ठिगळावर ठिगळ होते, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. हे मी वर्गात मुलांना शिकवते. उर्दूच्या तासाला 'गुदडी का लाल' या वाक्प्रचाराचा अर्थही सांगते. आणि घरातली गुदडी मात्र मला नकोशी झाली होती!

दूर कशाला, शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका घ्या. त्यांच्यात आपल्या मुसलमान भगिनीही आहेत. त्या जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत आत टाके घालत जातात आणि कोपऱ्यांना कापडी फुले लावतात. आज लोक ती कलाकृती म्हणून विकत घेतात. आपल्या घरातली गोधडी मौल्यवान आहे हे कळायला मला जपानी रजई बघावी लागली.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर अम्मीने माझ्या मुलीचे आखूड झालेले युनिफॉर्म आणि अब्बांची पेटीत जपून ठेवलेली एक लुंगी काढली. अम्मीला आता सुई ओवता येत नाही. ते काम नातीचे. पहिल्या दिवशी तिचे टाके वाकडे पडले, म्हणून ती उसवायला निघाली. अम्मीने तिचा हात धरला. "राहू दे. हे तुझे टाके आहेत, कळायला नको?"

गोधडी अजून अर्धीच झाली आहे. यावेळी बोहारीण दारात आली, तर तिला चहा मिळेल, गोधडी नाही.