सात फुटी घरातील पाहुणचार

रावेरच्या आमच्या वाड्याची नुसती ओसरीच अकरा फूट रुंद आहे. आमच्या पुतण्याचे इंग्लंडातील सबंध घर मात्र सहा फूट दहा इंच रुंद व सत्तावन्न फूट लांब असून ते पाण्यावर तरंगते. लहानपणी आईबाप गमावलेला हा मुलगा आमच्याच हाताखाली वाढला. विलायतेत चांगली नोकरी असता त्याने होडीत बिऱ्हाड करावे, ही गोष्ट आमच्या नातलगांत बरेच दिवस दबक्या आवाजात बोलली जात असे. गेल्या वर्षी मे महिन्यात, रावेरास केळीची पाने उन्हाने करपू लागली असता, आम्ही उभयता दहा आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेलो. हवापालट हे निमित्त होते. त्यास घरी परत आणता येते की काय, हे पाहावयाचे होते.

ही होडी इतकी अरुंद का, असे वाचकांच्या मनात येईल. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनियराने मध्य इंग्लंडात कालवे खोदले. चढउताराच्या जागी पाणी अडवून बोट वरखाली करण्यासाठी दुहेरी दारांचे हौद बांधतात, त्यांस लॉक म्हणतात. पाणी व बांधकाम दोन्ही वाचावीत म्हणून हे हौद सुमारे सात फूट रुंदीचे झाले आणि बोटींचे माप त्यावरून कायमचे ठरून गेले. पुढे आगगाडी आली, मालवाहतुकीचे दर कोसळले, तेव्हा किनाऱ्यावरील घराचे भाडे वाचविण्यासाठी बोटवाल्यांनी बायकामुले बोटीवर आणली. मागच्या टोकाला सुमारे दहा फूट लांब व सात फूट रुंद अशी एक खोली असे. तीत सारे कुटुंब राही. एका खोलीत किती माणसे निजावीत यावर बंधन घालण्यासाठी १८७७ व १८८४ साली तेथील पार्लमेंटास कायदे करावे लागले.

आमच्या पुतण्यास ही सारी सत्तावन्न फूट मोकळी आहेत. तरीही दोन माणसे समोरासमोर आली म्हणजे एकास मागे सरून वाट द्यावी लागते. जेवणाचे मेज खाली बसवून त्यावर गादी टाकली की पाहुण्यांचा पलंग होतो. अर्थात पाहुणे उठल्याखेरीज यजमानास न्याहारी नाही. पाणी टाकीत भरून आणावयाचे, म्हणून स्नान दोन मिनिटांत उरकावयाचे. मैल्याची पेटी दर दोन-तीन दिवसांनी हाताने उचलून ठरलेल्या जागी रिती करावयाची. हे काम पुतण्या व सूनबाई पाळीपाळीने करीत. आमच्या मातोश्रींनी सोवळ्याओवळ्याचे जे शास्त्र घालून दिले होते, त्यात या पेटीची सोय कोठेच लागेना, आणि सौ. ने दोन दिवसांत तो नाद सोडून दिला. भरिताची वांगी भाजावयास घेतली तेव्हा मात्र छताला लावलेल्या धुराच्या यंत्राने असा आकांत मांडला की शेजारच्या चार बोटींवरील मंडळी धावत आली. तेथील वांग्यास बामणोदच्या वांग्याची चव नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणखी एक चमत्कार असा की, हे घर एका जागी राहत नाही. ज्यांस कायमचा धक्का नाही, त्यांनी एका ठिकाणी चौदा दिवसांहून अधिक राहू नये, असा १९९५ सालचा कायदा आहे. त्यामुळे लेस्टरहून पुतण्याची मावसबहीण मुलांना घेऊन रविवारी यावयाची झाली, म्हणजे आधी "या आठवड्यात तुम्ही कितव्या पुलाशी?" असे विचारी. कालव्यावरील पुलांस क्रमांक असतात. तोच या लोकांचा पत्ता.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या सहलींचा बेत मोडला. स्टोक ब्रुअर्न या गावाजवळ आमच्या पुढे-मागे चालणाऱ्या एका बोटीवर शहात्तर वर्षांच्या एक विधवा बाई एकट्या राहत. पावसाने निसरड्या झालेल्या दगडी कडेवरून त्यांचा पाय घसरला व उजवे मनगट मोडले. रुग्णालयाने हाताला प्लास्टर घालून त्यांस त्याच दिवशी घरी पाठविले. परंतु ज्या घरी पाठविले ते घर उजव्या हाताखेरीज चालणारे नव्हते. लॉकचे पाणी सोडण्यासाठी लोखंडी दांड्याने चाक फिरवावे लागते, सुकाणू धरावे लागते, ती पेटी उचलावी लागते. मुलगी न्यूझीलंडात. बाईंस कोणाचे उपकार नको होते.

पुतण्याने काही न विचारता त्यांची बोट आपल्या बोटीस जोडून बांधली. त्या भागातील कालव्याचे लॉक चौदा फुटी असल्यामुळे दोन बोटी शेजारीशेजारी आत जातात. चौदा दिवस भरत आले, तेव्हा सूनबाईने कालव्याच्या संस्थेस पत्र लिहिले. कायद्यातच 'परिस्थितीनुसार वाजवी असेल तितका अधिक काळ' अशी सवड आहे, ती मिळाली.

शुश्रूषेचा भार सौ. ने उचलला. रावेरास तिने आमच्या मातोश्रींचे अंथरूण सात वर्षे सांभाळले होते; तो हात तिला इतक्या दूर पुन्हा उपयोगी पडला. प्लास्टर भिजू न देता स्नान घालणे, केस विंचरणे, मऊ खिचडी भरविणे हे सारे चाले, आणि दोघींस एकमेकींची भाषा अवाक्षर समजत नसे. पुतण्याचे ऐकून बाईही तिला 'काकू' म्हणू लागल्या, हे आम्हांस मोठे गमतीचे वाटे. कारण त्या सौ. हून आठ वर्षांनी वडील होत्या.

त्याच गावात सिस्टर मेरी वॉर्ड यांची हकीकत आम्हांस कळली. या परिचारिका होत्या. वृद्ध वडिलांच्या शुश्रूषेसाठी त्या गावी परतल्या आणि मग कालव्यावरून जाणाऱ्या कुटुंबांची बाळंतपणे, जखमा, ज्वर हे सारे आपल्या घरीच पाहू लागल्या. बोटवाल्यास फेरीमागे मजुरी. थांबला तर उपाशी. त्यास डॉक्टराकडे जाण्यास सवड नसे, पण सिस्टरबाईंचे घर लॉकच्या काठी होते. १९५१ साली सरकारने त्यांस पदक दिले. १९६२ साली त्या निवृत्त झाल्या.

हे ऐकता ऐकता आम्हांस वहिनींची आठवण झाली. जळगाव-भुसावळच्या दवाखान्यांत कोणास आणले, बऱ्हाणपुराहून कोणाची बाळंतीण आली, की ते माणूस रावेरच्या आमच्या वाड्यात उतरावयाचे आणि वहिनींनी त्याची पथ्ये सांभाळावयाची, असे चाळीस वर्षे चालले. आज त्या वाड्यात अकरा खोल्या आहेत व माणसे तीन: आम्ही दोघे आणि एक्याऐंशी वर्षांच्या वहिनी. आम्ही परदेशी असता त्यांच्यापाशी पगारी बाई ठेवली होती. त्या रोज रात्री फोनवर प्रथम विचारीत, "त्या म्हातारीचा हात कसा आहे?" स्वतःचे गुडघे धरल्याचे त्यांनी एकदाही सांगितले नाही, ते पगारी बाईकडून कळले.

त्या रात्री आम्ही पुतण्यास विचारले, "उद्या आमच्यापैकी कोणी पडले, तर?" तो बोलला नाही. बोलली ती सूनबाई. "काका, या होडीत तुम्हांला आजारपण काढता येणार नाही, हे मला पहिल्या दिवशीच दिसले. पायऱ्या उभ्या, वाट दोन फुटांची. पण रावेरला येऊन आम्ही दोघे पोट भरू शकू का, ते मला अजून दिसत नाही. खोटे कशाला सांगू?" सुनेने असे तोंडावर बोलावे हे आमच्या पिढीस रुचणारे नाही. तरी इतक्या सरळपणे हा विषय आमच्या घरात यापूर्वी कोणीच काढला नव्हता, हेही खरे.

नवव्या आठवड्यात प्लास्टर निघाले. बाईंनी डाव्या हाताचा आधार देऊन दांडा अर्धा वेढा फिरविला आणि उरलेला पुतण्यास फिरवू दिला.

परतण्यापूर्वी ठरले ते इतकेच. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कालव्यावर हिवाळी धक्का भाड्याने मिळतो. होडी तेथे बांधून दोघांनी रावेरास यावे व तेथूनच काम करावे. त्याच्या मालकांनी आठ आठवडेच कबूल केले आहेत. तिचे उत्तर यावयाचे आहे. होडी तेवढ्यापुरती बाईंच्या नजरेखाली राहील. माडीवर इंटरनेटची तार ओढून झाली आहे. वहिनींची खाट माजघरातून ओसरीलगतच्या खोलीत आणावयाची, न्हाणीघराचा उंबरा काढून भिंतीला कठडा बसवावयाचा. कठड्याची उंची किती असावी, ते सूनबाईने बाईंस विचारून कळविले आहे. गवंडी सोमवारी येणार आहे.