नाईलकाठचे फोटो : दगड दिसतो, माणूस दिसतो का?

प्रवासाला गेलेला माणूस हल्ली शेकड्याने फोटो घेऊन परततो. पण घरी मुलांनी 'हे कुठले?' असे विचारले की पुष्कळदा उत्तर सापडत नाही. इजिप्तमध्ये लक्सर ते आस्वान असा नाईल नदीतून बोटीने प्रवास करण्याचा योग आम्हां चार कुटुंबांना आला. तेथे फोटो कसे घ्यावेत आणि कशाचे घ्यावेत, याबद्दल जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. आस्वानला जाणारी बोट प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे जाते. म्हणजे उजव्या हाताला पश्चिम तीर आणि डाव्या हाताला पूर्व तीर. सकाळचे ऊन पश्चिम तीरावर पडते, म्हणून सकाळी बोटीच्या गच्चीवर उजवीकडे उभे राहावे. दिवस कलला की डावीकडे यावे. पाण्याला लागून हिरव्या शेतीची अरुंद पट्टी, खजुरीची झाडे आणि लगेच मागे उघडे-बोडके डोंगर, ही तिन्ही एकाच फोटोत घ्यावीत. हा देश नदीच्या जिवावर कसा जगतो, ते मग वेगळे सांगावे लागत नाही. इंजिनाची थरथर कठड्यात उतरते. म्हणून हात कठड्यावर न टेकवता कोपरे अंगाशी घट्ट धरावीत.

मंदिरांची गोष्ट निराळी. कर्नाकच्या सभामंडपात 134 खांब आहेत. त्यांतले मधले 12 सुमारे 21 मीटर उंच. एडफूच्या मंदिराचे महाद्वार 36 मीटरांचे. जवळ उभे राहून कॅमेरा वर केला तर भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा चार पावले मागे सरावे, कॅमेरा सरळ धरावा आणि पायथ्याशी एखादा माणूस येऊ द्यावा. माणूस आला की दगडाची उंची कळते.

हाच नियम आणखी एका अर्थाने खरा आहे. लक्सरच्या पश्चिम तीरावर राजांची थडगी पाहायला झुंबड उडते. जवळच देर अल-मदिना ही ती थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. तेथे त्या मानाने शुकशुकाट. बोळ आणि लहान खोल्यांचे पाये अजून दिसतात. सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात नवरा-बायको शेत नांगरताना, पीक कापताना रंगवले आहेत. रामसेस तिसरा याच्या राजवटीत, इ. स. पूर्व बाराव्या शतकात, धान्यरूपी मजुरी थकली म्हणून या कारागिरांनी काम बंद केले व ते मंदिरांपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेल्या सर्वांत जुन्या संपांपैकी हा एक. गिरणगावात वाढलेल्या आम्हां मंडळींची पावले तेथे जड झाली. राजाच्या भव्य पुतळ्याशेजारी या पायांचाही एक फोटो असायलाच हवा. मात्र थडग्यांत फ्लॅश वापरू नये. जुन्या रंगांना ते बरे नव्हे.

आस्वानला फिलीचे मंदिर पाहिले. चहूकडे निळे पाणी, काळेभोर खडक, मध्ये इसिस देवीचे मंदिर. फोटो कुठूनही घ्या, सुंदरच येतो. पण आज हे मंदिर मूळ फिली बेटावर नाही. पाण्यापासून वाचवण्यासाठी 1972 ते 1980 या काळात ते दगड-दगड सुटा करून जवळच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारले. अबू सिंबलची मंदिरेही 1964 ते 1968 मध्ये कापून सुमारे 65 मीटर उंचावर नेली. जगाने पैसा दिला, इंजिनिअर दिले. काम खरोखर कौतुकाचे आहे.

परंतु आस्वानच्या त्याच मोठ्या धरणाच्या जलाशयात न्युबियन लोकांची गावे बुडाली. 1963-64 मध्ये इजिप्तमधील सुमारे 50,000 न्युबियनांना नदीकाठ सोडून कोम ओम्बोच्या परिसरात वसवण्यात आले. त्यांची घरे, खजुरीच्या बागा, वाडवडिलांची दफनभूमी पाण्याखाली गेली. धरणाने वीज दिली, शेतीला पाणी दिले, हेही खरे. कोयनेच्या विस्थापितांच्या व्यथा ठाऊक असलेल्या महाराष्ट्रातील माणसाला याहून जास्त सांगायला नको.

बुडालेल्या गावाचा फोटो काढता येत नाही. पण मंदिराच्या फोटोखाली दोन ओळी लिहिता येतात. वाटेत भेटलेल्या न्युबियन नावाड्याची परवानगी विचारून, त्याच्या गावाचे नाव विचारून त्याचाही फोटो घेता येतो. आम्ही आल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली ठिकाण, साल आणि 'हे कोणी बांधले, येथे कोण राहत होते' एवढे लिहिले आहे. आपणही सहलीला जाल तेव्हा हे जरूर करा. मुले फोटो पाहतील तेव्हा दगडाबरोबर माणूसही त्यांच्या ध्यानात राहील.