आम्ही, आपण आणि बारा तास

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम. ए.च्या वर्गात एका बाकाच्या अंतराने बसत होतो. आज स्टाफरूममध्येही साधारण त्याच अंतराने बसतो. दरवर्षी सर्वनामे शिकवताना आम्हां दोघांचाही एक ठरलेला दाखला असतो. ‘आम्ही जेवायला बसतो’ असे यजमान म्हणाला तर पाहुणा उपाशी राहतो. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले की त्याचेही पान मांडले जाते. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’. मुले हसतात, वहीत उतरवून घेतात, आणि तास पुढे सरकतो. गेल्या सहा महिन्यांत मात्र हा भेद आम्हांला अशा ठिकाणी आडवा आला, जिथे व्याकरणाचा काही संबंध असेल असे आम्हांला कधीच वाटले नव्हते. ते ठिकाण म्हणजे साताऱ्याचा यवतेश्वर घाट.

निमित्त धावण्याचे. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांच्या दरम्यान ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ नावाची शर्यत होते. तिची दिशा आलटून पालटून बदलते. समुद्राकाठच्या डर्बनहून निघाले तर ती चढाची, उलट दिशेने उताराची. आमच्या वाट्याला चढाची आली आहे. अंतर सुमारे ८६ किलोमीटर. वाटेत काऊईज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स असे पाच मोठे चढ आहेत, आणि त्यांतला शेवटचा, पॉली शॉर्ट्स, पायांत काही उरलेले नसते तेव्हा समोर येतो. मुदत बारा तासांची. पहाटे बंदूक वाजली की घड्याळ सुरू होते. गर्दीच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्याला प्रारंभरेषा ओलांडायला जी मिनिटे लागतील ती त्याच्याच खात्यातून वजा होतात. बारा तास संपताना एक पदाधिकारी अंतिम रेषेपाशी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. कोण किती जवळ आले आहे हे त्याला दिसू नये, यासाठी ही पाठ. त्या आवाजानंतर रेषेपासून दोन पावलांवर असलेल्या माणसालाही पदक नाही, आणि निकालात त्याच्या नावापुढे वेळही नाही.

चाळिशीतल्या दोन प्राध्यापकांनी या फंदात का पडावे, हा प्रश्न आम्हांला अनेकांनी विचारला. खरे उत्तर फारसे उदात्त नाही. आमच्यातल्या ‘त्या’ला अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवला, म्हणून चालणे सुरू झाले. ‘ती’ सोबत म्हणून आली आणि वर्षभरात पुढे निघून गेली. साताऱ्यात २०१२ पासून घाटात अर्धमॅरेथॉन होते; ती आम्ही धावलो. मग पूर्ण मॅरेथॉन. कॉम्रेड्सच्या प्रवेशासाठी ठरावीक वेळेत पूर्ण मॅरेथॉन धावल्याचा दाखला लागतो. तोही मुंबईत मिळाला, तिला सहज आणि त्याला जेमतेम. घराच्या गच्चीचे गळणारे काम पुढच्या वर्षावर ढकलून आम्ही विमानाची तिकिटे काढली.

तयारीचे गणित मात्र आमच्या विषयाइतकेच चिवट निघाले. बारा तासांत ८६ किलोमीटर म्हणजे किलोमीटरमागे आठ मिनिटे बावीस सेकंद. सपाटीवर ही गती अगदीच सामान्य वाटते. पण त्यात चढ आहेत, पाण्यासाठी थांबणे आहे, आणि नवव्या तासाचे पाय आहेत. म्हणून चढावर धावायचे नाही, नेमाने चालायचे. विजेचे खांब मोजायचे, तीन खांब चालणे आणि दोन खांब धावणे. शनिवारी लांब धाव, आणि रविवारी थकलेल्या पायांनी पुन्हा एक. तिथे पाणी प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांतून देतात. ती धावता धावता दातांनी फोडून प्यायची सवय करायची. नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातील सोडियम पातळ होऊन माणूस कोसळू शकतो, म्हणून सोबत मीठ लावलेले उकडलेले बटाटे. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो. आम्ही मात्र एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, पहाटे तीनला उठून, दुपारी उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर डुलक्या घेत तयारी करीत होतो. नाताळच्या त्या भागात हिवाळ्यातही कधी कधी डोंगरांकडून उष्ण, कोरडे वारे सुटतात असे वाचले, तेव्हा साताऱ्याचे ऊन अगदीच वाया जाणार नाही असे वाटून बरे वाटले.

सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट उताराची. चढ दम काढतो, पण मांड्या मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचा भार पेलतो, आणि तो आखडत असताना नव्हे, तर लांबत असताना ब्रेक लावत राहतो. याच ताणाने त्याचे बारीक तंतू दुखावतात. त्यावर उपाय एवढाच, की थोडे थोडे उतरून स्नायूला ते आधी सोसायला शिकवावे. चढाच्या शर्यतीतही उतार असतातच. आम्ही चढाचा सराव केला. उताराला विश्रांती समजलो.

मार्च महिन्याच्या अखेरीस एका पहाटे आम्ही सातारा ते कास आणि परत, असे सुमारे पन्नास किलोमीटर धावायला निघालो. जाताना सोबत होतो. परतताना ती हळूहळू पुढे गेली. यवतेश्वराच्या उतारावर त्याच्या उजव्या मांडीत गोळा आला. दोनदा पाय चोळून तो उठला, तिसऱ्यांदा घाटाच्या कठड्यावर बसून राहिला. ऊन चढू लागले होते. ती घाट उतरून जवळजवळ शहराशी पोहोचली होती. तिथे पाण्यासाठी थांबल्यावर तिने मागे पाहिले, वाट पाहिली, आणि मग तोच घाट पुन्हा चढून ती वर आली.

“तू परत का आलीस?” हे त्याचे पहिले वाक्य.

“मग काय करायला हवं होतं?”

“तिकडं परत येऊन बारा तासांत कसं जमेल?”

यानंतर घरी पोहोचेपर्यंत, आणि पुढचे दोन दिवस, आम्ही कामापुरतेच बोललो. तिसऱ्या दिवशी रात्री जे बोललो ते इथे लिहावे की नाही यावर आमच्यात मतभेद होते. पण ते वगळले तर या लेखात नुसती माहितीच उरते. ती म्हणाली, की घाटातले ते तीन-चार किलोमीटर तिला त्याची आठवणच झाली नव्हती, आणि त्याहून वाईट म्हणजे ते तिच्या आजवरच्या धावण्यातले सर्वांत सुखाचे किलोमीटर होते. परत चढली ती काळजीने कमी, अपराधाने जास्त. तो म्हणाला, की कठड्यावर बसून त्याने एकदाही हाक मारली नाही, फोन खिशात असून केला नाही, पण तिने यावे असे प्रत्येक वळणाकडे पाहत त्याला वाटत होते. आणि ती आली तेव्हा या वाटण्याची लाज वाटून तो तिच्यावरच उखडला. वीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना इतके नेमके कधी सांगितले नव्हते. पन्नास किलोमीटरमध्ये आमच्यात चाळीस मिनिटांचे अंतर पडते. ती त्याच्या गतीने धावली तर दोघेही मुदतीबाहेर राहण्याची शक्यता आहे. तो तिच्या गतीने धावला तर तो निम्म्यातच संपेल. आमचे ‘आम्ही’ या चाळीस मिनिटांत कुठेतरी तुटत होते.

त्याच दिवसांत आम्ही या शर्यतीचा इतिहास वाचत होतो. अध्यापकांची ही खोड. पायाने जमेना की पुस्तक उघडायचे. शर्यत सुरू करणारे व्हिक क्लॅफम हे आगगाडीचे इंजिनचालक. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत ते शेकडो कोस चालले, आणि मेलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नको, सोसण्याचे हवे, असे त्यांना वाटले. माजी सैनिकांच्या संघटनेने त्यांची कल्पना आधी फेटाळली. २४ मे १९२१ रोजी पहिली शर्यत झाली. ३४ जण निघाले, १६ पोहोचले. शर्यतीचे नावच अनेकवचनी, ‘सोबती’. पण हे सोबती कोण? १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीचा अर्ज नाकारला गेला. त्या तरीही धावल्या आणि त्यांनी शर्यत पूर्ण केली. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हे कृष्णवर्णीय धावपटू साडेनऊ तासांत पोहोचले. अधिकृत नोंदीत त्यांना जागा नव्हती. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना शर्यत अधिकृतपणे खुली झाली ती १९७५ साली. म्त्शाली यांच्या नावाचे पदक २०१९ मध्ये सुरू झाले. म्हणजे चोपन्न वर्षे हे सोबत्यांचे स्मारक ‘आम्ही’ या सर्वनामात उभे होते. ‘आपण’पर्यंत यायला त्याला एवढा काळ लागला.

आणि शर्यत जिथे संपते ते पीटरमारित्झबर्ग आपल्याला निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. ७ जून १८९३ च्या रात्री, पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही, मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टरला याच स्थानकावर उतरवून देण्यात आले. ते डर्बनहूनच येत होते, चढाच्याच दिशेने. थंडी कडाक्याची, ओव्हरकोट सामानात, सामान रेल्वेच्या ताब्यात, आणि पुन्हा अपमान होईल या भीतीने त्यांनी तो मागितला नाही. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, पाय उचलले तर, आम्ही त्या स्थानकावर जाणार आहोत. कोणत्या डब्यात कोणी बसायचे हे ठरवणाराही एक ‘आम्ही’च असतो, हे तिथे उभे राहून आठवणे आम्हांला गरजेचे वाटते.

दुसऱ्यांच्या सर्वनामांवर एवढे बोलल्यावर स्वतःच्या घरातले सर्वनाम दिसायला हवे होते. ते दाखवून दिले आईंनी. सहा महिने रोज पहाटे तीनला उठून त्या आमच्यासाठी बटाटे उकडत होत्या, आम्ही परत येईपर्यंत दाराची कडी काढून जाग्या राहत होत्या. घाटातल्या त्या प्रसंगानंतरच्या आठवड्यात, दारात बुटांच्या नाड्या बांधताना आम्ही नेहमीसारखे “आम्ही निघतो” म्हणालो. त्या म्हणाल्या, “रोज ‘आम्ही निघतो’ म्हणता. आणि मी इथं काय करते, ते तुमच्या पळण्यात धरता की नाही?” दोन मराठीच्या प्राध्यापकांना यावर उत्तर सुचले नाही. त्या दिवसापासून वेळापत्रक भिंतीवर लागले. रविवारी पहाटेची धाव बंद करून ती संध्याकाळी ठेवली, आणि शनिवारचे बटाटे आदल्या रात्री आम्हीच उकडू लागलो. गती काही वाढली नाही. घर मात्र थोडे सैल झाले.

तेव्हापासून आम्ही उतारही शिकतो आहोत. आठवड्यातून एकदा घाट चढून गाडीने खाली यायचे नाही, पायांनीच यायचे. लहान पावले, सैल गुडघे, टाचेवर आपटणे नाही. त्याच्या मांडीत गोळा येणे थांबलेले नाही, पण आता तो चाळिसाव्या नव्हे, अठ्ठेचाळिसाव्या किलोमीटरला येतो.

आमच्यात करारही झाला आहे. या शर्यतीत अनुभवी धावपटूंच्या मागे गतीनुसार घोळके तयार होतात. त्यांना ‘बस’ म्हणतात, पुढच्याला चालक. ही बस गात गात चालते आणि तीत कोणालाही शिरता येते. तो बारा तासांच्या बसमध्ये शिरेल. ती स्वतःच्या गतीने जाईल. साधारण मध्यावर, ड्रमंडजवळ, रस्त्याच्या कडेला आर्थर न्यूटन या जुन्या विजेत्याची बैठक मानली जाणारी जागा आहे. तिथे फूल ठेवून त्यांना सुप्रभात म्हणण्याची प्रथा आहे. तिथे आपापल्या वेळेला दोघांनीही फूल ठेवायचे. एकमेकांसाठी थांबायचे नाही, परत चढून यायचे नाही, आणि शर्यतीनंतर आयुष्यात कधीही “का थांबली नाहीस?” असे विचारायचे नाही. ती पोहोचली आणि तो बंदुकीनंतर आला, तर जे झाले ते झाले म्हणायचे.

कराराचे शेवटचे कलम तिने घातले. बंदूक झाडणाऱ्याने पाठ करून उभे राहावे, ते त्याचे काम आहे. जो आपल्यातून आधी पोहोचेल त्याने मात्र रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे, बारा तास संपल्यावरही. त्या वाक्यात तिने ‘आपल्यातून’ म्हटले, हे त्याच्या लक्षात आले. त्यावर तो काही बोलला नाही; दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना दारातून आईंना म्हणाला, “आपलं पळणं आज तीस किलोमीटर.”